एकाच हाकेचा पाहुणा

मार्गशीर्षातले ऊन आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत फार सावकाश उतरते. आधी ते डोंगरमाथ्यावरच्या वाळल्या गवताला लागते; ते गवत काही क्षण पितळेच्या तारांसारखे दिसते. मग हातातले काही सांडू नये अशा बेताने ते दगडांवरून खाली येते. बाभळीपाशी रेंगाळते. शेळ्यांच्या पाठींवरून सरकते. पत्र्यांवरचे दव वाफ होऊन वर जाऊ लागते, आणि तेवढ्या वेळापुरते गावातले प्रत्येक घर चूल पेटल्यासारखे दिसते. मग ऊन भिंतींवर येते. भिंतींवरून दारांवर. दारांवरून कुलपांवर.

आणि तिथे ते थांबते.

कारण आत कुणीच नसते. दिवाळी झाली की अर्ध्याहून अधिक गाव ऊस तोडायला कारखान्यांकडे निघून जाते. मागे उरतात म्हातारी माणसे, काही शेळ्या आणि ही कुलपे.

१९९६ सालच्या डिसेंबरातली ती सकाळ मी अशी पाहिली. पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे ज्यांना मी ओळखतो, त्यांच्यापैकी एक माणूस अजून हयात आहे.

जे सांगणार आहे ते मी कुणाकडून ऐकलेले नाही. मी तिथे होतो. आणि त्यातले काहीही रात्री घडले नाही. जे झाले ते लख्ख उन्हात झाले. म्हणूनच कदाचित मला अजून सकाळची भीती वाटते.

मी तेव्हा नगरला उत्तमरावांकडे कामाला होतो. त्यांचे कॅसेट भरून देण्याचे दुकान होते, आणि त्यांनी एक खूळ काढले होते. दर महिन्याला एक बोलती कॅसेट. नाव ‘माणूस बोलतो’. एका बाजूला एक पाहुणा, दुसऱ्या बाजूला दुसरा. मध्ये बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती. चहाच्या हॉटेलांत, उसाच्या ट्रॅक्टरांवर, टपऱ्यांवर ती कॅसेट वाजत असे.

माझे काम होते पाहुणे शोधणे.

अनोळखी दारात उभे राहिले की ज्याच्या घशाला कोरड पडते, अशा माणसाला हे काम का दिले, असे मी त्यांना एकदा विचारले.

“तू दारात उभा राहिलास ना चेतन, की लोकांना तुझी दया येते,” उत्तमराव म्हणाले. “आणि दया आली की माणूस बोलतो. आपल्या कॅसेटचं नाव काय?”

संक्रांतीच्या अंकाला त्यांना ऊसतोडीच्या गावातला पाहुणा हवा होता.

“रडणारी आणू नकोस,” त्यांनी बजावले. “रडवणारी आण.”

एका एसटी कंडक्टरने मला मनकर्णाबाईंचे सांगितले. ही बाई रोज सकाळी रस्त्याकडे तोंड करून आपल्या मुलाला हाक मारते. मुलगा वैजनाथ, दोन हंगामांमागे टोळीबरोबर कोपरगावकडे गेला. उन्हाळ्यात टोळी परतली. तो परतला नाही. मुकादम म्हणाला, पळाला.

म्हणून मी त्या कुलपांच्या गावात उभा होतो.

एक दार उघडे दिसले. मी हाक मारली, “कुणी आहे का?”

कुणी बोलले नाही.

पण आत कुणीतरी होते. भांडे सरकल्याचा आवाज आला होता... आणि माझ्या हाकेसरशी तो थांबला होता.

मी पुन्हा हाक मारली. पुन्हा तीच शांतता. कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखी.

तिसऱ्या हाकेला मात्र आतून लगेच आवाज आला, “ओ! आलो, आलो. दम धर.”

एक म्हातारा बाहेर आला. तोंडात दात थोडे, डोळ्यांत मिश्कीलपणा पुष्कळ. हे भिमाजी, मनकर्णाबाईंचे धाकटे भाऊ.

“केव्हापासून हाका मारतोय मी,” मी म्हणालो.

“ऐकल्या की. पयलीच ऐकली.”

“मग?”

“पयलीला कोन ओ देतं? तुमच्या नगरात देत्यात व्हय?” ते हसले. “म्हनूनच तिकडं रोज एक तरी खपतंय.”

मग हसू आवरून त्यांनी मला सांगितले. मेलेले माणूस हाक मारते, पण एकदाच मारते. दुसरी हाक त्याला जमत नाही. त्या हाकेला जो ओ देतो, त्याला ते घेऊन जाते. म्हणून जित्या माणसाने तीनदा हाक मारायची आणि जित्या माणसाने तिसरीलाच ओ द्यायची. गाव भरलेले असते तेव्हा कुणी एवढे पाळत नाही. पण हंगामात, घरे रिकामी असतात तेव्हा, सगळे पाळतात.

“आणि जित्या माणसानं एकदाच हाक मारली तर?” मी विचारले.

भिमाजींनी पागोटे सारखे केले.

“तर जिता ओ देत न्हाई,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुनी दिली, तर दिली.”

मनकर्णाबाईंचे घर वस्तीच्या टोकाला होते. बाई लहानखुऱ्या, चपळ. मी उंबऱ्याशी अवघडून उभा राहिलो, तशा त्या म्हणाल्या, “बस की लेकरा. का उभ्यानंच इचारायचं शिकिवलंय तुला?”

मी कॅसेटविषयी सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“ऊसवाल्यांच्या कोप्यांवर, झोपड्यांवर टेप वाजत्यात. तुमची ही कॅसेट तितवर जाती का?”

“ट्रॅक्टरवाले नेतात, मावशी. सगळीकडे जाते.”

“मंग येते. त्यो पळाला असंल तर पळू दे. रागावला असंल तर ऱ्हाऊ दे. जिता हाय एवढं कळलं तरी पुरं.” त्या थांबल्या. “पर माझ्या तीन हाका त्याच्यात पायजेत. बाकी तुमी काय बी ठिवा, काय बी काढा.”

“तीन का?”

“एका हाकंला त्यो ओ दिनार न्हाई. म्याच त्याला शिकिवलंय तसं.”

ठरल्या दिवशी त्या सकाळच्या गाडीने नगरला आल्या. उत्तमरावांच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या. मनकर्णाबाईंनी त्या चाचपून पाहिल्या.

“झोपायच्या गाद्या उभ्या का केल्यात?”

“बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून,” उत्तमराव म्हणाले. “आता आवाज तपासतो. सकाळी काय खाल्लं ते सांगा.”

“भाकर अन् ठेचा. तुमी काय खाल्लं? प्वाट बरंच पुढं आलंय.”

उत्तमरावांसारखा माणूस लाजला. मी पहिल्यांदाच पाहिले.

मग त्या बोलल्या. रडल्या नाहीत. वैजनाथ लहानपणी उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर झोपायचा आणि जागा झाला की अंगभर ओरखडे असायचे, हे त्यांनी हसत सांगितले. शेवटी त्या उठून उभ्या राहिल्या. बसून हाक मारता येत नाही म्हणाल्या.

“वैजनाथाऽऽ...”

यंत्रावरचा काटा एकदम पलीकडच्या टोकाला जाऊन आदळला.

दुसरी हाक. तिसरी हाक. प्रत्येक हाकेनंतर त्या थोडे थांबत. कान देत. तिसरीनंतर त्या खूप वेळ थांबल्या.

“झालं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आता त्याचं काम.”

कॅसेट भरताना बाजू पुरेना. एका खतवाल्याची जाहिरात आयत्या वेळी आली होती. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवताना उत्तमरावांनी पहिल्या हाकेनंतर बटण दाबून धरले, आणि उरलेल्या दोन हाका निघून गेल्या.

“तीन हाका पाहिजेत, असं त्यांनी सांगितलंय,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“तीनदा काय? लिलाव पुकारतेय का ती?”

“त्यांचा तसा रिवाज आहे. त्यांनी तेवढी एकच अट...”

“अरे कवी, एका हाकेत काळीज फाटतं. तीन हाकांत माणूस चहा सांगायला उठतो. हे कळत नाही म्हणूनच तू दारोदार फिरतोस आणि मी इथे बसतो.”

कॅसेट तशीच निघाली. ट्रॅक्टरवाल्यांनी गठ्ठ्याने नेली. कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर... त्या थंडीत उसाच्या फडांवर ती फार वाजली.

एका सकाळी दिल्ली गेटजवळच्या माझ्या खोलीत मी ती लावली. खिडकीतून ऊन आत आले होते. खाली दूधवाल्याची सायकल होती. हाक आली.

“वैजनाथाऽऽ...”

मग कापलेली जागा. नुसती खरखर.

आणि त्या खरखरीत... अगदी हलकेच...

“ओ.”

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली.

“ओ.”

पुरुषाचा आवाज. दूरचा. आज्ञाधारक.

“जुन्या कॅसेटवर भरलंय, बाबा,” दुकानात नेऊन ऐकवली तेव्हा उत्तमराव म्हणाले. “आधीचं पूर्ण पुसलं गेलं नसेल. कुठल्या तरी तमाशाचा सोंगाड्या असेल.”

मला ते पटले. म्हणजे मी ते पटवून घेतले.

माघात तोच कंडक्टर दुकानात आला. “तुमच्या कॅसेटनं कमाल केली,” तो म्हणाला. “मनकर्णाबाईचा पोरगा घरी आला म्हणे.”

उत्तमराव खुर्चीतून उठले. मी त्यांना इतके आनंदलेले कधी पाहिले नव्हते. पण तो आनंद माणसाचा नव्हता, दुकानदाराचा होता.

“मायलेकाची भेट! चेतन, उद्या पहिल्या गाडीने निघ. तो पाहुणा मला पाहिजे. दुसऱ्या कुणी गाठायच्या आत त्याचा दिवस ठरवून ये.”

मीही आनंदलो होतो. हाक कापली गेल्याची टोचणी एका क्षणात नाहीशी झाली होती.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन कुलपांपर्यंत आले होते. भिमाजी वस्तीच्या अलीकडेच शेळ्या घेऊन उभे होते. ते हसले नाहीत.

“वैजनाथ आला ना, मामा?”

“ती म्हनती, आला.”

“तुम्ही नाही पाहिलं?”

“म्या आत गेलो न्हाई.” त्यांनी डोंगराकडे पाहिले. “दुकानावर तुमची कॅसेट ऐकली पोरा. हाक एकच हाय तिच्यात.”

मी शेळ्यांच्या पायांकडे पाहिले.

“तू आत चाललाईस. तुला एक काम सांगतो. त्यानं आईला हाक मारली, तर कान दे. किती येळा मारतो ते ध्यानात ठिव. तीनदा मारली तर माझा भाचा जिता हाय. मी नाचत येईन, गुळाची ढेप घिऊन येईन.”

“तुम्हीच चला ना.”

“मला ऐकवनार न्हाई,” ते म्हणाले आणि शेळ्या हाकत निघून गेले.

मनकर्णाबाई ओसरीवर, उन्हात चूल मांडून भाकरी थापत होत्या. चेहरा उजळलेला होता. मला पाहताच त्या म्हणाल्या, “ये, ये. तुझ्या तोंडात साखर पडू दे.”

आतल्या खोलीचे दार लोटलेले होते. आणि त्या दारातून वास येत होता.

जळक्या पाचटाचा. ऊस तुटल्यावर फडात पेटवतात, तसला.

“केव्हा आला, मावशी?”

“परवा. मी हाक मारायला उठले. पयलीच मारली... अन् मागनं, घरातनं ओ आली.” त्यांनी भाकरी उलटली. “म्या रस्त्याकडं बघत हुते, अन् त्यो घरात.”

“कुठे होता इतके दिवस?”

“सांगत न्हाई. जेवत न्हाई. तोंड भिंतीकडं करून बसतो. उजेड सोसना त्याला.”

चुलीशेजारी एक वाढलेले ताट होते. भाकरी कडक झालेली. कालचे असावे. त्यावर एकही माशी नव्हती.

“मला त्याच्याशी बोलायचं होतं. नगरला यायचं विचारायचं होतं.”

“हाक मार की.” मग घाईने त्या म्हणाल्या, “पर एकदाच. दुसरी मारली की त्यो गप्प व्हतो. आवाज लांब जातो त्याचा.”

मी कितीतरी दारांत कितीतरी नावे घेतली होती. तेच माझे काम होते.

“वैजनाथ,” मी म्हणालो.

दारामागून लगेच आले...

“ओ.”

तोच आवाज. कॅसेटवरचा. मध्ये एक दार असूनही तितकाच दूरचा.

मी मनकर्णाबाईंच्या जवळ सरकलो आणि हळू आवाजात म्हणालो, “मावशी, त्यांना तीनदा हाक मारून बघा. एकदाच बघा. मामा म्हणतात...”

“भिमाजीनं मला बी सांगितलं.” त्या पिठाकडे पाहत होत्या. “तिसरीला ओ आली तर जिता. न्हाई आली तर?”

मी लोटलेल्या दाराकडे पाहिले.

“न्हाई आली तर म्या काय करू? त्याला माघारी धाडू? कुटं धाडू?” त्या हसल्या, लहान मुलाची समजूत घालताना हसतात तशा. “एका हाकंला तर ओ देतोय. दोन वरसं तेवढी बी न्हवती.”

त्यांनी नवा गोळा घेतला. थापू लागल्या. ऊन त्यांच्या हातांवर होते. पिठाने माखलेले हात, काचेच्या दोन बांगड्या. इतके साधे, इतके रोजचे ते दृश्य होते की मला वाटले, मी उगाच घाबरतो आहे.

तेव्हा आतून हाक आली.

“आई...”

मनकर्णाबाईंचे हात थांबले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत भीती नव्हती. मी ऐकले का, एवढेच त्या पाहत होत्या. मी ऐकले होते. ते त्यांना माझ्या तोंडावर दिसले असावे.

“ओ,” त्या म्हणाल्या. “आले रं राजा.”

हात न धुताच त्या उठल्या. आत गेल्या. दार लोटले गेले.

मी वाट पाहिली.

बोलण्याचा आवाज नाही. पावलांचा नाही. तव्यावरची भाकरी आधी फुगली, मग करपू लागली. ऊन ओसरीवरून सरकून माझ्या पायांपाशी आले.

“मावशी?” मी म्हणालो.

पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो.

मग मी दार ढकलले.

खोलीत कुणी नव्हते. मागचे लहान दार उघडे होते, आणि त्यातून आलेल्या उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता. भिंतीशी, माणूस बसेल एवढ्या जागेत, काळी राख सांडलेली होती. दारापासून तिथपर्यंत भिंतीवर पिठाच्या बोटांचे ठसे होते. मागच्या दाराला पीठ लागलेले नव्हते.

बाहेर उघडे माळरान होते. चालणारे माणूस कितीतरी वेळ दिसत राहील असे.

कुणी दिसत नव्हते.

माझ्या हाका ऐकून भिमाजी धावत आले, तेव्हा मी ओसरीवर बसलेलो होतो. त्यांनी आत पाहिले नाही. बहिणीला हाकही मारली नाही. माझे खांदे धरले.

“त्यानं हाक मारली?”

“मारली.”

“किती येळा?”

माणसाच्या डोळ्यांत इतकी याचना मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

“तीनदा,” मी म्हणालो.

ते खाली बसले आणि रडू लागले. आनंदाने. “जिता हाय! जिता हाय माझा भाचा! आईला घिऊन गेला आसंल फडावर. मुकादमाचं भ्या वाटलं आसंल, म्हनून मागल्या दारानं गेला.” मग त्यांनी घरून गूळ आणून मला भरवला. मी तो खाल्ला.

पोलिसांनाही मी तेच सांगितले. मुलगा आला, आई त्याच्याबरोबर गेली. कुणी विहिरी पाहिल्या नाहीत. कुणी माळ धुंडाळला नाही. मुलाबरोबर गेलेल्या बाईला कोण शोधते?

“पाहुणा हातचा घालवलास,” एवढेच उत्तमराव म्हणाले. पुढच्या महिन्यात मी काम सोडले.

भिमाजी मात्र शोधतात. दर हंगामात. गाठोडे घेऊन ते कारखान्यांच्या भागात उतरतात, कोप्याकोप्यांतून हिंडतात, प्रत्येक कोपीसमोर उभे राहून दोघांच्या नावाने तीन-तीन हाका मारतात. परतताना नगरला माझ्याकडे येतात. आता त्यांना नीट दिसत नाही. पाय सुजलेले असतात. मी चहा करतो. ते बशीत ओततात, फुंकर घालतात आणि म्हणतात, “यंदा श्रीरामपूरकडं न्हाई गावले. फुडल्या साली प्रवरा कारखान्याच्या अंगानं बघतो. जित्ती मानसं हायती, कुटं जात्यात?”

मग ते विचारतात. दर वर्षी विचारतात.

“तीनदाच ना रं लेकरा? तू सोता ऐकलं ना?”

“तीनदा, मामा.”

इतकी वर्षे मी स्वतःलाही तेच सांगत आलो. भाकरी थापण्याच्या आवाजात दोन हाका माझ्या कानांवरून गेल्या असतील. त्या फार हलक्या असतील. वाऱ्याने नेल्या असतील.

पण भाकरीचे हात थांबले होते. वारा नव्हता.

हाक एकदाच आली होती.